वडिलांची मिशी आणि माझी पेन्शन

आमच्या घरात पुरुष साठी बघत नाहीत, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवून टाकलं होतं. वडील एकोणसाठाव्या वर्षी गेले. त्यांच्या पाठचे काका साठ पुरी व्हायच्या आत गेले. दोघंही सोलापुरातल्या एकाच मिलमध्ये कामाला, दोघांचीही वयं मिलच्या दप्तरात नीट लिहिलेली. पुढचा हिशेब करायला फार अक्कल लागत नाही.

मी पंचावन्नचा आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात काम करतो. आमच्यासारख्या खासगी नोकरीवाल्यांना पीएफच्या जोडीला जी पेन्शन मिळते, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण मिळते. आधी नोकरी सोडून मागितली तरी देतात, पण जितकी वर्षं आधी, तितके वर्षाला चार टक्के कापून, आणि ती कपात जन्माची. उलट साठीपर्यंत दम धरला तर थोडी वाढवून देतात. म्हणजे नियमाच्या आडून प्रश्न एकच विचारलेला असतो, की बाबा रे, तू किती जगणार आहेस? हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही. आपला आपण विचारायचा. मी विचारला, आणि उत्तरही देऊन मोकळा झालो: अजून चार वर्षं.

चारच वर्षं राहिली असतील तर थांबून कुणाचं भलं? मी शेठना सांगून टाकलं, या महिनाअखेर सोडतो. कापलेली तर कापलेली, पेन्शन सुरू करू. घरी बायकोला सांगितलं, गुडघे दुखतात, उभं राहवत नाही.

गुडघे माझे ठणठणीत आहेत. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं बायकोपुढं म्हणायची मला लाज वाटत होती. अशा गोष्टी मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. तीस वर्षं संसार केला, त्यात बोललो ते भाजी, पाणी, लाईटबिल आणि मुलीचं शिक्षण यांवर. बायको शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात दारापाशी मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करते. अधूनमधून ती म्हणायची, "आपण म्हातारे झालो की..." आणि मी उठायचो. टाकी भरली का बघायला जायचो, नाहीतर चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत फिरून यायचो. तिचं ते वाक्य मी एकदाही पुरं होऊ दिलं नाही.

गेल्या महिन्यात दुधनीहून आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण, वय नव्वदीच्या घरात. डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात करायचं म्हणून आमच्याकडं उतरली. ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यानं तिला काळा चष्मा दिला. नऊवारी, कपाळाला विभूती आणि तो चष्मा. बायको म्हणाली, "आत्याबाई, गॉगल घालून पेठेत फिरलात तर गर्दी होईल."

"होऊ दे की," आत्या म्हणाली. "एसटी फुकट झाली, आता गर्दी पण फुकटची बघू."

दुपारची वेळ होती, रविवार. कडक भाकरी दह्यात कुस्करून आत्या खात होती, वर शेंगाचटणी. बायको मशीनवर. मी बाहेरून जिना चढून आलो आणि आत्यानं चष्म्यासकट मान वळवली.

"का रं तम्मा, नोकरी सोडतोस म्हणं? गुडगं गेलं म्हणं?"

आमच्या आत्याच्या बोलण्यात निम्मं कानडी. धाकट्याला ती तम्मा म्हणते, आणि मी तिच्यापुढं अजून धाकटाच.

"हो, दुखतात."

"आन् आत्ता जिना कोण चढलं? दोन-दोन पायऱ्या टाकत आलास की. मला दिसत न्हाय, ऐकू येतंय."

बायको हसली. मला नेहमीसारखं उठून टाकी बघायला जाता आलं असतं. का कोण जाणे, उठलो नाही. भिंतीकडं बघत म्हणालो, "गुडघ्याचं काही नाही, आत्या. आपल्यात माणसं साठी बघत नाहीत. वडील गेले, काका गेले. मग वाट बघून काय करू? मिळतंय ते आत्ताच घेतो."

मशीन थांबलं. आत्याचा घास हातातच राहिला.

"कोण गेलं साठीच्या आत?"

"वडील. एकोणसाठला गेले."

"अय्यो!" आत्यानं भाकरीची ताटली बाजूला सारली. "माझा अण्णा एकोणसाटचा? अरं, मग मी कोण, त्याची आजी? रझाकाराच्या वक्ताला निजामाकडनं माणसं पळून आपल्या गावात येत हुती. तवा अण्णा वेशीवर काठी घिऊन पहाऱ्याला जायाचा. मिशी फुटल्याली हुती त्याला. तुझ्या हिशेबानं तवा किती वर्साचा हुता त्यो?"

रझाकार म्हणजे अठ्ठेचाळीस साल; मी वजाबाकी केली आणि आकडा सांगितला. मिलच्या वयानं धरलं तर वडील तेव्हा दहा वर्षांचे.

"दहा वर्साचं पोर पहाऱ्याला धाडत्यात व्हय?" आत्या म्हणाली. आणि मग तिनं मिशीची गोष्ट सांगितली.

वडील सोलापूरला मिलमध्ये लागायला आले तेव्हा तिशी ओलांडलेली होती. मिलला तरणी पोरं हवी होती. मिलचा डॉक्टर दात बघायचा, छाती बघायचा आणि अंदाजानं वय लिहायचा. कुणीतरी सांगितलं, मिशी काढ, पोरगा दिसशील. वडिलांनी काढली. डॉक्टरनं बावीस लिहिलं. वडील त्या आनंदात पहिल्या सुट्टीला गावी गेले, तर त्यांना वेशीतून येताना बघून माझ्या आजीनं हंबरडा फोडला.

"बाप जित्ता असताना मिशी काडतंय का कोण?" आत्या सांगत होती. "आमच्या आईला वाटलं, आप्पा शेतातच गेला, आन् ह्याला रस्त्यात कळलं. सगळी गल्ली रडायला बसली. तेवढ्यात आप्पा बैलं घिऊन दारात! त्यो गलका बघून त्योच इच्यारतोय, कोण मेलं?"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं, "आणि काका? त्यांना तर मिशीच नव्हती."

"त्याला कशाला पायजे? थोरला बावीसचा लिव्हल्यावर धाकटा अठ्ठावीसचा कसा लिव्हणार, शाण्या? त्याला एकोणीसचा लिव्हला."

म्हणजे वडील गेले ते जवळजवळ सत्तरीला टेकून. काकाही तसेच. ज्या वयाला भिऊन मी इतकी वर्षं जगलो, ते एका न्हाव्यानं आणि एका डॉक्टरनं मिळून तयार केलेलं होतं.

"आणि माझं वय तरी खरं आहे का?" मी विचारलं.

"तुझं खरं हाय की. तू दवाखान्यात झालास. तुझं काय चालत न्हाय."

मला हसू आलं, आणि हसताहसता वडिलांची शेवटची वर्षं आठवली. पाळी करून यायचे आणि पायरीवरच बसायचे, आत यायलाही वेळ लागायचा. मी तेव्हा पंचविशीत. एकदा म्हणालो होतो, "अजून साठी नाही आली, आत्ताच काय कण्हता?" ते गप्प राहिले. सदुसष्ट वर्षांचा माणूस मागावर उभा होता, आणि ते घरात पोरालाही सांगायची सोय नव्हती, कारण पोर बाहेर बोललं असतं. गप्प बसणं मी त्यांच्याकडूनच घेतलं असणार.

जेवून आत्या आडवी झाली तशी बायकोनं मशीनवरचं कापड घडी केलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे टाकी बघायला जायचात ते यासाठी?"

"हो."

"मी म्हातारपणाचं काढलं की उठायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर म्हातारं व्हायचंच नाही."

तीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. भीती माझी, मी ती लपवली म्हणून तिला कमीपणा वाटत राहिला. मी म्हणालो, "व्हायचं होतं. होणार नाही असं वाटत होतं." इतकं बोलायला मला सगळं आयुष्य लागलं, आणि बोलल्यावर ते केवढंसं वाटलं!

"गुडघ्याला तेल लावत होते मी रोज," ती म्हणाली. "तिळाचं. ते तेल आता भरून द्या."

सोमवारी शेठकडं गेलो. म्हणालो, "शेठ, गुडघे बरे झाले." शेठनं चष्म्यावरून बघितलं. "चांगला डॉक्टर मिळाला वाटतं."

"हो. दुधनीचा आहे."

अठ्ठावन्नपर्यंत काम करायचं, आणि पुढं तब्येतीनं साथ दिली तर पेन्शन साठीला सुरू करायची, असं आम्ही ठरवलं आहे. आम्ही, म्हणजे दोघांनी बसून. मी सत्तर बघीन याची हमी आत्यानंही दिलेली नाही. पण आता मला कुणी तारीख दिलेली नाही, आणि तेवढ्यानं छाती मोकळी झाली आहे. "आपण म्हातारे झालो की वरचे पत्रे काढून स्लॅब टाकू," हे वाक्य बायकोनं परवा पहिल्यांदा पुरं केलं. मला पत्रेच बरे वाटतात. त्यावरून आमचं भांडणही झालं.

वडील गेले तेव्हा मी मिशी काढली होती आणि पुन्हा ठेवली नव्हती. आता ठेवली आहे. सगळी पांढरी आली.

"वय दिसतंय हो," बायको म्हणाली.

"दिसू दे," मी म्हणालो.