मंगळवारच्या दोन खुणा

लातूर वेगळा जिल्हा झाला तसे साहेब लोक आले, आणि त्यांच्या मागोमाग टेनिस आलं. नव्या क्लबच्या आवारात मुरूम दाबून एक कोर्ट तयार झालं. एका अधिकाऱ्यांना सकाळी खेळायला जोडीदार मिळेना. गोदामाच्या भिंतीवर चेंडू बडवणारी माझी धाकटी बहीण त्यांनी जाता-येता पाहिली होती. ती तेव्हा आठवीत होती. वर्षभरात ती त्यांना हरवू लागली, मग नांदेडची स्पर्धा जिंकून आली, आणि पुण्याला राज्याच्या निवडीसाठी जायचं ठरलं.

त्याच वर्षी पाऊस झाला नाही. गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. भांडणं नकोत म्हणून वाटपाची यादी माझ्याकडे दिली होती. मी कॉलेजात होते, अक्षर बरं होतं, आणि याद्या करायला मला तेव्हाही आवडायचं. घर, माणसं, घागरी. पाणी नेलं की घरापुढे खूण. एखादं घर बंद असलं तर त्याचा वाटा रांगेतल्या शेवटच्या घराला. हा नियम मीच घातला होता.

मुरमाच्या कोर्टावर रोज पाणी मारावं लागतं. नाहीतर धूळ उडते, चेंडू कसाही उसळतो, पाय घसरतो. क्लबने पाणी बंद केलं, ते बरोबरच होतं. बहीण आंघोळ न करता तिच्या वाटणीची बादली कोर्टावर न्यायची. तेवढ्यात जेमतेम मागची एक पट्टी भिजायची.

निवडीला दहा दिवस राहिले होते. त्या मंगळवारी एक घर बंद होतं. मी आमच्या घरापुढे दुसरी खूण केली आणि दोन घागरी आत घेतल्या. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. बहिणीला म्हटलं, "आज मी आणि अव्वा आंघोळ करत नाही. आमचंही पाणी ने."

शेवटच्या घरातल्या बाईंनी तिला पाणी मारताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गल्लीतच अडवलं. "आमचे लेकरं बिगर आंघोळीचे शाळेत जायलेत, अन् हिचं ग्राउंड न्हायलंय."

"आमच्याच आंघोळीचं पाणी हाय, मावशी. चार दिवस झाले अंगाला पाणी न्हाई. वास घेऊन बघा."

बायका हसल्या. त्या बाई हसल्या नाहीत.

आठवड्याच्या आत गावातल्या एका साप्ताहिकात बातमी आली. क्लबच्या लोकांनी आम्हाला बोलावलं. अप्पा, ती आणि यादी घेऊन मी. चिटणीसांनी यादीवरून बोट फिरवलं.

"मंगळवारी तुमच्या घरापुढे दोन खुणा?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे पाणी जास्त नेलं."

"हो."

खूण कोणी केली, का केली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अप्पा खाली बघत होते. बहीण माझ्याकडे बघत होती.

तिचं कोर्ट बंद झालं. सरावाशिवाय ती पुण्याला गेली, तरी निवडली गेली आणि तिथेच राहिली. पुढे मोठ्या स्पर्धा जिंकली. पंचांशी भांडली, एकदा सत्कार सोडून निघून गेली, एकदा उलट बोलल्याबद्दल संघातून वगळली गेली. दरवेळी बातमीच्या शेवटी कोणीतरी ते एक वाक्य जोडायचंच: लहानपणी दुष्काळात हिने लोकांचं पाणी पळवलं होतं. मी सगळी कात्रणं तारखेप्रमाणे लावून ठेवली. अप्पा गेले, मग अव्वा गेली. माझं लग्न झालं नाही. घरात फाइली आणि मी. बहीण दिवाळीला फोन करायची, तब्येत विचारायची.

परवाच्या दिवाळीला मीच विषय काढला. म्हटलं, ती दुसरी खूण माझी होती. तुला खोटं सांगून पाणी दिलं.

"माहीत आहे, अक्का. यादी दुसऱ्या कोणाच्या हातात होती?"

"मग क्लबात तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."

ती आता पुण्यात मुलींना टेनिस शिकवते. वर्गाची वेळ झाली होती. ठेवते, म्हणाली.