साडूंचा साडेआठचा भोंगा

जगात वेळेवर चालणारं एकच काही शिल्लक राहिलं असेल, तर ते म्हणजे आमचे थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे झरीला जेवायला जायचं होतं, तेव्हा मी डहाणूहून फोन करून सांगितलं, की बारा ते साडेबाराच्या दरम्यान पोचतो. पलीकडून आवाज आला, "साडूभाऊ, दरम्यान म्हणजे किती?" मला तो विनोद वाटला. आम्ही पोचलो बारा चाळीसला. आमची ताटं वाढून झाकून ठेवलेली होती आणि स्वतः साडू जेवण उरकून, हात पुसत, मोठ्या प्रेमाने आमचं स्वागत करायला दारात उभे होते. रागाचा लवलेश नव्हता. बाराला भूक लागते म्हणून बाराला जेवले, इतकं सरळ काम.

असा माणूस टाइमकीपर होणार नाही तर काय होणार? हायवेवर चारोटीच्या अलीकडे एक डब्यांचा कारखाना आहे, तिथे बावीस वर्षं साडूंनी मस्टर सांभाळलं आणि भोंगा वाजवला. सकाळी साडेआठ, दुपारी एक, दीड आणि संध्याकाळी साडेपाच. लेटमार्क देताना ते सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा ओळखत नसत. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमचा तो मेव्हणा तिथे आठ महिने होता आणि अजूनही सणासुदीला त्यांच्याशेजारी जेवायला बसत नाही.

तर या माणसाने दिवाळीचा बोनस घेतला आणि भाऊबीज आटोपल्यावर सकाळी सहा वाजता मला फोन केला. "साडूभाऊ, सोडली!"

मी अर्धवट झोपेत होतो. "तपकीर?"

"नोकरी हो! नोकरी सोडली! आता घरूनच धंदा. ऑनलाइन!" आवाज असा, की पलीकडे उड्या मारत असावेत. "अहो, लोक शेणाच्या गोवऱ्या विकतात ऑनलाइन! गोवऱ्या! फोटो काढून! आणि आपण बावीस वर्षं दुसऱ्याच्या डब्यांची झाकणं मोजत बसलो. माझ्या दारात चिकूची तीस झाडं उभी आहेत. काल रात्रभर मला झोप नाही. तुम्हाला कशी लागली?"

खरं सांगायचं तर त्या फोननंतर मलाही लागली नाही. मी डहाणूच्या एका ऑफिसात आवक-जावक सांभाळतो आणि गेली दहा वर्षं म्हणतोय, की हे सोडून घरी हार्मोनियम दुरुस्तीचं काम सुरू करीन. साडूंना ते माहीत होतं.

ताईंना मात्र हे सगळं साफ नामंजूर होतं. ताई म्हणजे साडूंच्या मंडळी. त्या भांडल्या नाहीत, फक्त मुदत घातली. "होळीपर्यंत करा काय करायचं ते. तोवर मला पटलं तर पटलं. नाही पटलं तर धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजर व्हायचं." कारखान्याच्या शेठनेही तेवढे दिवस खुर्ची रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. ताईंचा राग धंद्यावर नव्हता हे मला नंतर कळलं. बावीस वर्षं साडेआठ ते साडेपाच ते घर त्यांचं एकटीचं होतं. आता त्या घरात दिवसभर एक माणूस घड्याळ घेऊन हिंडणार होता.

साडूंनी त्यावर काढलेला तोडगा मी डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगतो. मागच्या पडवीत त्यांनी टेबल टाकलं, मस्टर ठेवलं आणि त्या पडवीलाच 'युनिट' म्हणायला लागले. सकाळी सव्वाआठला इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, हातात ताईंनी भरलेला डबा असे ते पुढच्या दाराने बाहेर पडत. "येतो गं" म्हणत. मग वाडीला पुरा वळसा घालून, शेजाऱ्यांना नमस्कार करत, विहिरीवरून मागच्या पडवीत येऊन बरोबर साडेआठला सही करत. दुपारी एकला तिथेच डबा उघडून गार पोळी खात. सहा पावलांवर स्वयंपाकघरात ताई गरम भात जेवत असत. "अहो, आत या ना," मी म्हटलं. तर म्हणाले, "ड्यूटीवर घरी कसा जाऊ?"

आणि भोंगा! चारोटीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी हाताने फिरवायचा एक जुना भोंगा पैदा केला आणि पडवीच्या खांबाला ठोकला. पहिल्या दिवशी तो वाजला तेव्हा झरीतली झाडून सगळी कुत्री रडायला लागली आणि शाळेतल्या पोरांनी सुट्टी झाली समजून दप्तरं उचलली. आठवड्याभरात सगळ्यांना सवय झाली. पाड्यावरून दोघी जावा चिकू पुसायला आणि भरायला येत, त्यांना तर भोंग्याचा अभिमानच वाटे. एकदा साडूंचा खांदा धरला होता, तर थोरली जाऊ म्हणाली, "शेठ, सरा बाजूला. मी वाजवतंय. भोंगा नाय वाजला तं काम कसा चालू होल?"

पहिली खेप गेली त्या दिवशी साडूंनी मलाही बोलावलं. चाळीस खोके! कोल्हापूर, नागपूर, सोलापूर, कुठे कुठे. तोलून, पुसून, कागदात गुंडाळून भरलेले. कुरियरची गाडी झरीपर्यंत येत नसे, म्हणून स्कूटरवरून तीन फेऱ्यांत आम्ही ते चारोटीला पोचवले. शेवटचा खोका गाडीत चढला तेव्हा साडूंनी भर नाक्यावर मला मिठी मारली. वडापाववाला हातातला झारा सोडून बघत राहिला.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. सोलापूरच्या बाईंनी विचारलं, की आम्ही चिकू मागवले होते, बटाटे का पाठवलेत? नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ तर बोलूच शकत नव्हते. त्यांनी कच्च्या चिकूचा मोठा घास घेतला होता आणि चिकाने ओठाला ओठ चिकटले होते. त्यांच्या सूनबाईंनी त्यांच्या वतीने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मोबाइलवर दुकानाच्या नावाखाली एकच तारा लुकलुकायला लागला.

आमच्या या पट्ट्यात चिकू घरात येतो तो कडकच येतो. तो तांदळाच्या डब्यात नाहीतर पेंढ्यात ठेवायचा, रोज अंगठ्याने दाबून बघायचा आणि मऊ लागला की खायचा. हे इथे दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. ते कुणाला सांगावं लागतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साडूंच्या नाही, त्या दोघी जावांच्या नाही, आणि चाळीस खोके स्वतः वाहून नेणाऱ्या माझ्याही नाही. ताई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "होळीला अजून अवकाश आहे," आणि आत गेल्या.

दोन दिवस भोंगा वाजला, पण एकही नवा खोका भरला नाही. तिसऱ्या दिवशी एका पाटीतले चिकू एकेक करून दाबत बसले होते, ते ताडकन उठले. "साडूभाऊ, बावीस वर्षं मी काय केलं? माणूस कधी येणार ते सांगितलं. मग चिकू कधी पिकून येणार ते सांगता येणार नाही?"

आणि खरोखर सांगायला लागले! चिकू हातात घ्यायचे, देठाशी अंगठा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि खोक्यावर लिहायचे, 'गुरुवार, दुपारी जेवणानंतर. त्याआधी खाऊ नये.' लिहिलेल्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन जायचा, "दाबून पाहिलात?" नागपूरच्या गृहस्थांना त्यांनी फुकट दुसरा खोका पाठवला. त्यावर लिहिलं होतं, 'रविवार, सकाळी दहा.' रविवारी सव्वादहाला त्यांचा फोन आला. ओठ मोकळे होते आणि आवाज भरून आला होता. "आमच्या आईनंतर कुणी मला खायची वेळ सांगितली नव्हती हो." तेव्हापासून त्यांच्या सगळ्या कॉलनीचे खोके झरीहून जायला लागले. तारे वाढले. साडू भेटेल त्याचा खांदा अंगठ्याने दाबून बघायचे. माझा दाबून एकदा म्हणाले, "तुम्ही अजून जरा कडक आहात. पण वेळ होत आलीय."

इतकं सगळं झालं, पण ताई 'पटलं' म्हणून काही म्हणेनात. साडूही विचारेनात. शब्द दिला होता, मुदत ती मुदत. होळी पेटली, धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम झरीला होतो. सव्वाआठला साडू इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर आले. पडवीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "येतो गं," म्हणाले आणि विहिरीकडे न वळता सरळ फाटकाकडे निघाले. स्कूटर तिथे उभी होती. किक मारली, चालू झाली नाही. दुसरी मारली, झाली.

तेवढ्यात मागे भोंगा वाजला. वेडावाकडा, दमछाक झालेला, मध्येच तुटणारा. साडूंनी सवयीने मनगटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आठ एकोणीस. कोण वाजवतंय?"

पडवीत ताई होत्या. पदर खोचलेला, दोन्ही हातांनी भोंगा फिरवत होत्या. आम्ही धावत मागे गेलो, तेव्हा मस्टर उघडून त्यांनी पेन पुढे धरलं. "करा सही. आणि उद्यापासून जेवायला आत यायचं. गार पोळ्या खाता ते मला बघवत नाही."

साडूंनी सही केली. मग भोंग्याकडे पाहत रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "अकरा मिनिटं आधी वाजवलास गं." त्यांनी आयुष्यात माफ केलेली ही पहिली चूक.

निघताना त्यांनी मला एक खोका दिला. 'सोमवार, सकाळी अकरा.' मी तो ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी मार्चअखेरची धावपळ होती. संध्याकाळी फोन आला. "दाबून पाहिलात?"

"हो तर! अगदी वेळेवर खाल्ले," मी खोटंच सांगितलं.

"वा! आणि तुमच्या हार्मोनियमचं काय? नोकरी कधी सोडताय?"

"बघू. मार्चनंतर कधीतरी."

पलीकडून मायेने प्रश्न आला, "साडूभाऊ, नंतर म्हणजे किती?"

तेवढ्यात फोनमधून साडेपाचचा भोंगा ऐकू आला, एकसारखा, न तुटणारा. ताईंचा हात आता चांगला बसला होता. खोका उघडायला मला बुधवार उजाडला. आंबूस वास आला. एक चिकू उचलून देठाशी दाबला, तर अंगठा सहज आत गेला.