दगडांचा फोटो

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ज्याला कुणाला पासपोर्ट काढायचा असे, तो गेली बावीस वर्षं यशोधराच्या फोटो स्टुडिओत स्टुलावर बसत आला. "मान सरळ, हनुवटी खाली, चष्मा काढा," एवढंच तिचं बोलणं, आणि मागे पांढरा पडदा. फोटो हातात पडला की माणसं तोंड वाकडं करतात आणि पाकिटात टाकतात. पासपोर्टचा फोटो दुसऱ्यांदा कोण बघतो? हेच तिला डाचायचं. आपला एक तरी फोटो कुणीतरी दोनदा बघावा, बस्, एवढीच बाईची हाव.

म्हणून सुट्टीच्या सकाळी ती बदलापुरातल्या शिरगावच्या घरातून कॅमेरा घेऊन निघायची, ती थेट उल्हास नदीवर. बदलापूरच्या वरच्या अंगाला नदीला दोन फाटे फुटतात आणि मधे एक बेट राहतं. काठावर तुळशी नावाच्या बाईची भाजीची वाडी. जीभ तिखट, पण पाण्यात पाय कुठे टाकायचा ते तिलाच ठाऊक. "फोटू काढून पोट भरतं का गो?" असं विचारत विचारतच ती यशोधराला हाताला धरून पलीकडे न्यायची.

बेटावर गेलं की यशोधरा उकिडवी बसून बघायची. एवढ्याशा जागेत केवढा संसार. खंड्या पाण्यात सूर मारतोय, भुईरिंगणीच्या काट्यांतून जांभळी फुलं वर आलीत, फुलावर नखाएवढं फुलपाखरू. आपण इतक्या जवळ राहतो आणि हे आपल्याला माहीतच नव्हतं, या विचाराने तिला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं.

एप्रिलातल्या एका सकाळी तुळशीने तिला दंडाला धरून थांबवलं. "पाय नको टाकू. खाली बघ."

खाली दगड होते, नुसते दगड. मग त्यातल्या चार दगडांना टोक असल्याचं दिसलं. टिटवीची अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, दगडांत दगड होऊन बसलेली. यशोधराने उचललेला पाय मागे घेतला. तिने एक फोटो काढला. बघते तर त्यात अंडी कुठली, सगळा दगडांचा पसारा.

आणि इथे बावीस वर्षांची सवय आडवी आली. मागचं साफ पाहिजे. तुळशी पाणी प्यायला गेली तेवढ्यात बाईंनी दगड बाजूला सारले, वर वाकलेली भुईरिंगणीची फांदी मोडली, वाळू मोकळी केली. अंडी आता ताटात वाढल्यासारखी दिसायला लागली. यशोधराला दिसली, तशी कावळ्यालाही दिसली. ऊन थेट अंड्यांवर, आणि टिटवी डोक्यावर आकांत करत फिरतेय.

तुळशी धावत आली, तिने कावळ्यावर ढेकूळ भिरकावलं. "तिनं घर लपवून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू दार उघडून दिलंस."

यशोधराला रडू फुटलं. पण रडून अंडी झाकली जात नाहीत. मग तिला तो वाया गेलेला फोटो आठवला. तिने तो मोठा करून उघडला आणि बघून बघून एकेक दगड जागेवर ठेवला. हा चपटा डावीकडे, हा पांढऱ्या रेघेचा पुढे. माणसाच्या गालावरचा तीळही न चुकवणारे तिचे डोळे, ते आज कामी आले. मोडलेली फांदी वाळूत खोचली, अंड्यांना बोट लावलं नाही. मग दोघी लांब लव्हाळ्यात जाऊन बसल्या.

टिटवी येईना. एकदा उतरली, परत उडाली. शेवटी ती पक्षीण नदीत शिरली, पोट भिजवलं आणि तुरुतुरु चालत आली. पिसांतून पाणी ठिबकत होतं. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. ही तर अंडी गार करायला नदीच पोटाला बांधून आणत होती. दगडांपाशी ती थांबली. मान तिरकी करून बघितलं. चोचीने एक खडा उचलून जरासा सरकवला आणि बसली.

"तेवढाच चुकला होता," यशोधरा कुजबुजली. कॅमेरा मांडीवरच राहिला आणि हात आपोआप जोडले गेले.

त्या चार अंड्यांची पिल्लं होऊन केव्हाच पळती झाली. स्टुडिओच्या भिंतीवर आता तोच पहिला फोटो आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसायच्या आधी विचारतं, "मॅडम, इसमें क्या है?"

"चार अंडी. शोधा."

मग माणूस भिंतीला नाक लावून उभा राहतो. दोनदा सोडा, दहादा बघतो, आणि तिसऱ्या अंड्यापाशी हमखास अडतो.