पाद्र्याच्या विहिरीचं पाणी

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असा एक रिवाज आहे. माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत तो मला जमणार नाही. अहो-जाहो करतो तेवढं जिभेच्या सवयीनं. हिंगोलीतल्या एका देवळाची पूजा आमच्या घराण्याकडे होती. वडील थोरले, म्हणून पूजेची पाळी त्यांची. काकांकडे सोवळ्याची देखरेख, आणि ती ते अशी करायचे की देवालासुद्धा अंग हलवायला त्यांची परवानगी लागली असती.

मी हैदराबादेहून इतिहास शिकून आलो आणि गावच्या शाळेत उर्दूतून तो पोरांना शिकवू लागलो. कॉलेजात असतानाच मला कॅथलिक धर्मशास्त्राचा नाद लागला होता. माणसाच्या माथ्यावर पाणी पडलं की त्याचं नेमकं काय होतं, यावर शहाण्यासुरत्या लोकांनी शेकडो वर्षं भांडावं, धर्मसभा भरवाव्यात, एकमेकांना बहिष्कृत करावं! आमच्या घरात शिंतोडा उडाला की माणूस सरळ आंघोळीला जायचा, वाद कोणी घालत नसे. तिकडे निदान वाद तरी होता. त्या चर्चचा इतिहास मराठीत लिहायचा असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पुस्तकं होती जुन्या छावणीकडच्या बंगल्यातल्या पाद्र्याकडे. परदेशी म्हातारा, तिरसट. लॅटिन चुकलं की टेबलावर रूळ आपटायचा आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचा, “मास्तर, अक्कल तुझी बराबर आहे. आत्म्याचं काय करतो?” मला त्याची चीड यायची, पण मी जायचा थांबलो नाही. उन्हाळ्यात तिथपर्यंत चालून घशाला कोरड पडायची, तेव्हा त्याच्या विहिरीचं पाणी प्यायचो. मला तर ते आमच्या आडाच्या पाण्यापेक्षा गोड लागे.

वडील वारले ते अशाच एका उन्हाळ्यात, सकाळी. मी एकुलता एक. वडिलांना अंगणात घेतलं होतं, मडक्यात विस्तव तयार होता. मी मडकं उचलायला वाकलो तर काका आडवे आले.

“हात लावू नको. बाटला तू.”

“काहून?”

“पाद्र्याच्या हिरीचं पाणी पिऊन राहिला तू. त्या हिरीत पाव टाकेल असतो, साऱ्या गावाला ठाऊक हाय.”

विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली. मी म्हणालो, “काका, तेवढ्यानं कोणी ख्रिस्ती होत न्हाई. वयात आलेल्या माणसाची इच्छा नसेल तर त्यांच्या धर्मातसुद्धा बाप्तिस्मा लागू होत न्हाई. मी वाचलंय.”

“पाहा! वाचलंय म्हनतो!” काका जमलेल्यांकडे वळून म्हणाले, आणि जमलेल्यांनी माना हलवल्या. इतक्या वर्षांचा माझा अभ्यास त्या एका क्षणात माझ्याच विरुद्धचा पुरावा ठरला. शेवटी एक वृद्ध शास्त्री बोलले, “पाद्र्यानं येऊन सांगावं, हा आमचा न्हाई म्हणून. मग बघू.”

मी उन्हात अनवाणी पळत बंगला गाठला. पाद्री जेवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“पाणी मी तुझ्या डोक्यावर घातलं नाही, ते खरं,” तो म्हणाला. “पण तू आमचा नाही, असं कसं सांगू? पाण्यावाचून, नुसत्या इच्छेचाही बाप्तिस्मा असतो. तुला मीच शिकवलं. तुझ्या मनात काय आहे ते मला काय माहीत?”

“मला माहीत आहे, फादर. माझी तशी इच्छा नाही.”

“आज नाही.”

“माझा बाप अंगणात पडलाय!”

“मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो,” तो म्हणाला, आणि उठला नाही. त्या क्षणी ते ताट त्याच्या अंगावर भिरकावावंसं वाटलं मला.

परत आलो तर अंगण रिकामं. कयाधू नदीच्या काठी पोचलो तेव्हा काकांनी अग्नी दिलेला होता. मला जवळ येऊ दिलं नाही. मी लांब बाभळीखाली उभा राहून धूर बघितला. तेरावा झाला आणि पूजेची पाळीही काकांकडे गेली. प्रायश्चित्त घे म्हणाले. न केलेल्या गोष्टीचं मी घेणार नव्हतो. पाद्र्याकडे मात्र जात राहिलो, कारण पुस्तकं त्याच्याकडेच होती. लॅटिनखेरीज त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या संस्थानात रझाकारांची जाळपोळ सुरू झाली, गावातली माणसं वऱ्हाडाकडे निघून चालली. काकांना निघायला उशीर झाला. भरदुपारी काकूला घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले.

“तुझ्या पाद्र्याला सांग बाबा. गोऱ्याच्या बंगल्यात कोनी घुसत न्हाई.”

दार लावून घ्यावं असंच आलं होतं मनात. मागं काकू उभी होती, म्हणून नेलं. पाद्र्यानं काही न विचारता खोली उघडून दिली. भारताची फौज येऊन गाव शांत होईपर्यंत दोघं तिथंच राहिली. ख्रिस्ती आचाऱ्याच्या हातचं जेवली. त्या विहिरीचं पाणी काकांनी तांब्या वर करून घटाघटा पिताना मी स्वतः बघितलं. नंतर घरी येऊन त्यांनी एक आंघोळ केली आणि देऊळ उघडलं.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेलो. लोक होते, तरी विचारलं, “काका, आता तुमी बाटले न्हाई का?”

“आपद्धर्म हाय शास्त्रात,” ते शांतपणे म्हणाले. “आपत्तीत चालते.”

“आन् माझ्या वेळी?”

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

“तुझ्या वेळी कोनती आपत्ती होती?” त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत घंटा वाजवायला घेतली.