उघडा ठेवायचा नळ

नळ उघडा दिसला की माझा हात आपोआप तिकडे जातो. पुण्यात आमच्याकडे सकाळी तासभर पाणी यायचं, आणि टपटपणारा नळ दिसला की आई घर डोक्यावर घ्यायची. ही खोड मी थेट क्योतोपर्यंत नेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची पीएचडी चालली होती आणि मी एका ऑफिसच्या इमारतीत साफसफाईचं बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, धरलं होतं. इमारतीची यंत्रं सांभाळणारे एक आजोबा होते. मला 'ओकुसान' म्हणायचे, आपल्याकडे वहिनी म्हणतात तसं. येत्या मेमध्ये ते निवृत्त होणार होते. "माझ्या हाताखाली एकही पाइप थंडीने फुटलेला नाही," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, आणि नंतर दर आठवड्याला.

डिसेंबरात त्यांनी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधलं सगळं पाणी काढून टाकलं. उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीचा एसी ज्याच्या जिवावर चालायचा, ते हे धूड. मला हसूच आलं. गार करणाऱ्या यंत्राला थंडीची कसली भीती? पण आजोबांनी पाइपांना असं काही गुंडाळलं, की बाळंतिणीलाही कोणी इतकं जपत नसेल.

दोन दिवसांनी मी फडकी वाळत घालायला वर गेले, तर टॉवरखालचा नळ उघडा आणि टपटपतोय. झालं! घट्ट बंद केला, आणि वर मनात म्हटलं, म्हातारा विसरायला लागला.

मग पाऊस झाला आणि त्यामागून कडाक्याची थंडी आली. एका सकाळी चहा पिताना आजोबा सहज म्हणाले, की खालचा नळ थंडी संपेपर्यंत उघडाच ठेवायचा असतो. पावसाचं पाणी आत साठून गोठलं, की पाइप गेलाच. मला गप्प बसावंसं वाटलं, खरं सांगते. पण तोंडातून निघालं, "तो मी बंद केला."

गुडघे धरून जिना चढणारे आजोबा अक्षरशः धावत वर गेले. मी मागोमाग. नळ हलेना. त्यांनी थर्मासमधला चहा फडक्यावर ओतला, ते पाइपाला गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी धरून बसले. बऱ्याच वेळाने नळ फिरला. आधी बर्फाचा चुरा पडला, मग पाणी. त्यांनी पाइप बोटांनी इंच इंच चाचपला. शाबूत होता. मला रडू कोसळलं, तर त्यांनी उरलेला चहा माझ्या हातात दिला. ऑफिसात कोणाजवळ एक शब्द बोलले नाहीत. इतका गोड माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

मेमधल्या त्यांच्या शेवटच्या आठवड्यात टॉवर पुन्हा भरायचा होता. त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं आणि नळाकडे बोट दाखवून म्हणाले, "ओकुसान, आता बंद करा."

मी केला. स्वतः बंद केलेला नळसुद्धा आजोबा दोनदा हात लावून बघायचे. मी बंद केलेल्या नळाला त्यांनी हात लावला नाही. सरळ पाणी सोडलं.