कामठ्याच्या दोऱ्यातली नववी गाठ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीनं टाळत आले — आणि देवानंही कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या, पण दुसरंच काही बोलू लागले तर मला अडवा. विषय बदलण्यात मी पटाईत आहे.

गोंदियात मला सगळे वकिलीणबाई म्हणतात. माहेर नागपूरचं, सातवीपर्यंत शिकलेली. इथं बायकांचं मंडळ मी काढलं — हे खरं आहे, आणि हे मी पुरेशा वेळा पुरेशा लोकांना ऐकवलेलंही आहे. पटकीच्या दिवसांत पाणी उकळून प्या म्हणून आम्ही घरोघर फिरायचो. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत कोंडू नका म्हणायचो, जत्रेत पाणपोई चालवायचो. आणि मंडळाचा एक नियम होता, तोही माझाच. सभेची खुर्ची दर वेळी वेगळ्या बाईनं घ्यायची, पाळीपाळीनं. प्रत्येकीला चारचौघींत बोलायची सवय व्हावी, कोणी एकटीच पुढारी होऊन बसू नये म्हणून. किती शहाणा नियम, नाही का?

अडचण होती ती निरोपाची. सौंदड, केशोरी, कामठा — गावोगावच्या बाया मंडळात होत्या. चिठ्ठी पाठवली तर वाचणार कोण? तारीख सांगितली तर लक्षात कोण ठेवणार? त्यावर वाट काढली ती कामठ्याच्या मुक्ताबाईंनी. धानाची शेती असलेल्या घरातली ही बाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "लग्नाचा निरोप आमी असाच धाडतो जी. दोऱ्याले गाठी माराच्या. रोज सकाळी एक सोडाची. सरल्या का निघाचं."

तेव्हापासून तसंच चाललं. एका गावाला एक दोरा. सभेला जितके दिवस बाकी, तितक्या गाठी. गाठी मारायचं काम माझं, आणि दोरे पोचवायचं काम गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या कासारणीचं; वाटेत दिवस गेला तर त्या दिवसाची गाठ तीच सोडायची. एकदाही घोटाळा झाला नाही. म्हणजे — मी करेपर्यंत झाला नाही.

त्या वर्षी नागपूरहून एका मोठ्या साहेबाची मेमसाहेब आमच्या सभेला येणार होती. शिकलेल्या दाया कुठल्या गावांना द्यायच्या, हे ठरवणं तिच्या हातात होतं. दोनच गावांना मिळणार होत्या. आणि त्या सभेला खुर्चीची पाळी होती मुक्ताबाईंची.

बाजाराच्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. ओट्यावर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि आपण काय बोलणार ते मला म्हणून दाखवलं. भाषण कसलं? नावं होती. कामठ्यात बाळंतपणात गेलेल्या बायांची नावं, एकामागून एक. कोण कोणाची सून, कोणाचं मूल जगलं, कोणाचं नाही. आणि शेवटी एवढंच — "आमाले शिकलेली दाई पायजे जी. दुसरं काई नोको." त्यांची लेक गोदावरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. ते त्या मेमसाहेबांना सांगणार नव्हत्या. मला सांगितलं, जाता जाता, पायरी उतरताना.

दुसऱ्या दिवशी सभेची तारीख पक्की झाली आणि मी दोरे करायला बसले. सभा आठ दिवसांवर होती. सौंदडच्या दोऱ्याला आठ गाठी मारल्या, केशोरीच्याला आठ.

कामठ्याच्या दोऱ्याला नऊ.

चुकून? छे. मी तीनदा मोजल्या.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मंडळाच्या इभ्रतीसाठी केलं. खेड्यातली बोली, उघडे पाय, पाहुणी काय म्हणेल, वगैरे. मी इंग्रजीत एक छोटं भाषण पाठ केलं होतं. खुर्ची मुक्ताबाईंकडे असती तर ते म्हणायची वेळच आली नसती. पण हेही पुरतं खरं नाही. पाहा, पुन्हा वळसा घेते आहे.

खरं असं आहे. आमच्या सभांना विड्या वळणाऱ्या बाया सूप घेऊनच यायच्या. मी बोलायची तेव्हा त्यांचे हात चालूच असायचे — पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा. मुक्ताबाई बोलायला उठल्या की हात थांबायचे. सगळ्यांचे. मी शिकलेली, मंडळ माझं, नियम माझा, आणि हात थांबायचे ते त्यांच्यासाठी! मला ते सहन होत नव्हतं. मत्सर होता तो. साधा, बायकी म्हणावा तर बायकी, माणसाचा म्हणावा तर माणसाचा, पण माझा.

सभेच्या दिवशी कामठ्याचं कोणी आलं नाही. "वाट पाहू या थोडी," असं मीच मोठ्यानं म्हटलं. मग खुर्चीवर बसले. इंग्रजी भाषण झालं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मेमसाहेब काहीतरी बोलली आणि तिच्या चपराश्यानं आम्हाला विचारलं, "मेमसाब पूछ रही हैं, देहात की कोई बाई बोलेगी क्या?" सौंदडची एक जण धीर करून उठली. केशोरीची उठली. मेमसाहेबांनी वहीत दोन्ही गावांची नावं लिहून घेतली. आणखी कोणी आहे का, असंही विचारलं. मी कामठ्याचं नाव घेऊ शकत होते. एक शब्द. घेतला नाही, कारण घेतला असता तर कामठ्याची बाई कुठं आहे हा प्रश्न आला असता. मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात बैलगाडी थांबली. मुक्ताबाई आपल्या गावातल्या पाच बाया घेऊन आल्या होत्या. नवं लुगडं, केसांना तेल. "कोणीच दिसून नाई राहिलं, काऊन जी?"

"सभा कालच झाली हो," मी म्हटलं. आणि मग — अगदी मऊ आवाजात, काळजी वाटल्यासारखं — "एखाद्या सकाळी गाठ सोडायची राहिली असेल."

त्या पाच जणींनी मुक्ताबाईंकडे पाहिलं. मुक्ताबाईंनी दोरा दाखवायला कनवटीला हात घातला. पण दाखवणार काय? गाठी सुटल्या होत्या. सुटलेला दोरा नुसता दोरा असतो, किती गाठी होत्या ते सांगत नाही. माझ्या लबाडीचा पुरावा त्यांनी स्वतःच, रोज सकाळी उठून, नेमानं पुसत आणला होता. "मीच चुकली असन," त्या म्हणाल्या. मी सगळ्यांना चहा दिला.

इथंच थांबले असते तर ही एक हलकट खोडी ठरली असती. पण धान कापणीच्या दिवसांत गोदावरी गेली. दोन दिवस अडली होती. गावातल्या म्हातारीला जे येत होतं ते तिनं केलं. मूलही गेलं.

मी भेटायला गेले. जावंच लागलं. मुक्ताबाई रडत नव्हत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "त्या दिवशी म्या गाठ विसरली नसती त दाई आली असती. मीच मारली जी पोरीले." त्यांच्या त्या पाच जणींपैकी दोघी तिथं बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही तसंच वाटत होतं.

आणि मी काय म्हटलं? "असं म्हणू नये. देवाची मर्जी." एक वाक्य बोलायचं होतं, मी दुसरं बोलले. गाठ मारली ती एका दुपारी, मत्सरानं. पण गप्प राहिले ते पुढं रोज, आणि रोज ते मी नव्यानं ठरवत होते. कोणतं मोठं, तुम्हीच सांगा — नको, सांगू नका. मला ठाऊक आहे.

मुक्ताबाई पुढं चार महिने गोंदियात एका नातेवाइकाकडे राहिल्या आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकल्या. घरच्यांचा विरोध, गावाचे टोमणे, सगळं अंगावर घेतलं. आज कामठा आणि आसपासची बाळंतपणं त्याच करतात. पण कुठल्याही बाईचे दिवस एकटीनं मोजत नाहीत. शेजारणीला बोलावतात, दोनदा विचारतात. खुर्चीची पाळी आली की हात जोडतात. "ज्याले आठ दिवस मोजता आले नाईत, त्यानं तिथं कायले बसाव?"

आता लोक म्हणतात स्वराज्य दाराशी आलं आहे. मंडळातल्या बायांनी ठरवलं आहे की पाळी मोडून मला कायमची अध्यक्ष करायचं. येत्या गुरुवारी सभा. माझं नाव कोणी सुचवलं? मुक्ताबाईंनी.

मी ते घेणार नाही, हे तर झालंच. पण नुसता नकार दिला तर लोक माझ्या विनयाचं कौतुक करतील, आणि तेवढं मला आता पचणार नाही. कामठ्याला जाऊन एकांतात सांगावं, असंही मनात आलं. ती पळवाट आहे. त्यांना बोल लागला तो पाच बायांसमोर, गावासमोर. मग खरं दाराआड कसं सांगायचं? त्या पाच जणींपैकी तिघी आहेत अजून. तिघींनाही आणा, असा निरोप मी मुक्ताबाईंना दिला आहे. मंडळ मोडलं तर मोडो. वकीलसाहेबांना मान खाली घालावी लागेल, ते मला घरात ठेवतील की नाही, तेही त्यांनी ठरवावं. यातलं काहीही आता मला अडवणार नाही.

काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही. लांबवणार नाही. का केलं तेही कोणी विचारलं तरच सांगीन. मुक्ताबाईंकडे पाहून म्हणीन — तुम्ही एकही सकाळ चुकला नव्हता. गोदावरीच्या मरणात तुमचा हात नव्हता. माझा होता.