ताऱ्याच्या माथ्यावरची ओळ

माकणीच्या शाळेतल्या मुलांसाठी मी एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यावर एक पत्रक लिहिलं होतं. तो सूर्यापेक्षा लहान आणि थंड आहे, म्हणून नारिंगी. त्याचा उजेड सूर्याच्या एक तृतीयांश, आणि तो आपल्यापर्यंत यायला साडेदहा वर्षं लागतात. उमरग्याच्या छापखान्यात गठ्ठा हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. लग्नपत्रिकेवर असते तशी वर ओळ होती: ॥ कुलस्वामिनी प्रसन्न ॥

"ही टाकायला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे?" छापखान्याचे मालक म्हणाले. "आमच्याकडनं कोऱ्या माथ्याचा कागद जात न्हाय. तुझ्या ताऱ्याला देव चालत न्हाय का?"

"तिथं कोण आहे ते मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी छापत नाही."

"लई बापावर गेलास!"

गेलोच आहे. वडिलांनी जन्मभर अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटली, एकावरही अशी ओळ नव्हती. मी कात्री मागितली आणि तिथंच बसून एकेक माथा कापला. त्यात एसटी गेली. पोचलो तेव्हा शाळा सुटली होती, म्हणून गठ्ठा गुरुजींकडे देऊन परतलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर व्हरांड्यात लावलेल्या पत्रकावर गुरुजींनी लाल पेनानं तीच ओळ लिहिलेली.

"बोडकं दिसत होतं," ते म्हणाले.

बाकीचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर होता, शेजारी लाल पेन. मी गठ्ठा उचलला, पाचवीच्या वर्गात शिरलो आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून, म्हणजे ताऱ्याच्या नावापासून.